सायकॉलॉजिस्टकडे पहिल्यांदा जाताना: माणूस आणण्याआधी प्रश्न आणा

सहामाहीचे पेपर घरी आले की माझ्याकडचे फोन वाढतात. निम्म्या फोनची सुरुवात ठरलेली. "मॅडम, मुलाला घेऊन यायचंय, त्याचा आयक्यू काढून द्या." मी विचारते, काढून काय करायचंय? पलीकडे जरा शांतता. मग, "म्हणजे... नेमकं काय आहे ते तरी कळेल ना."

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नाशिकला १९ वर्षं काम करते. कुमारवयीन मुलं, मोठी माणसं, अख्खी कुटुंबं, सगळेच येतात. काम फसलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. त्यात चाचणीच चुकली असं क्वचितच झालं. बहुतेकदा आपण कशाचं उत्तर शोधतोय हेच कोणी ठरवलेलं नसतं. माणसाला आणून समोर बसवतात आणि प्रश्न घरीच राहतो. म्हणून पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी हे क्रमाने लिहून काढलंय. (उदाहरणांतले तपशील बदललेत, दोन-तीन घरं एकात मिसळलीत. कोणी स्वतःला शोधू नये.)

१. फोन लावायच्या आधी कागदावर दोन ओळी

"अभ्यासच करत नाही" ही तक्रार झाली. "सहावीपर्यंत बरा होता, सातवीपासून मोठं वाचन आलं की अडखळतो, वाचताच येत नाही की मन लागत नाही?" हा प्रश्न झाला. "मला डिप्रेशन आहे का?" यापेक्षा "चार महिने पहाटे ३ ला जाग येते, नंतर झोप नाही, ऑफिसला जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. औषध लागेल की बोलून भागेल?" असं लिहिलंत तर माझं अर्ध्या तासाचं काम वाचतं आणि तुमचे तेवढे पैसेही.

दुसऱ्या ओळीत लिहा, हा प्रश्न कोणाचा आहे. हे लोकांना विचित्र वाटतं. पण एका १७ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांचा प्रश्न होता, "अकरावीला कॉलेजला का जात नाही?" मुलाला विचारलं तर त्याचा प्रश्न निराळाच. "तिथे माझ्याशी कोणी बोलत का नाही?" दोन्ही प्रश्न खरे होते. पण आईवडिलांचाच धरून बसलो असतो तर मुलगा तिसऱ्या भेटीला आला नसता.

याच पायरीवर शरीराकडेही बघून घ्या. मुलाचे डोळे आणि कान तपासलेत का? मोठ्या माणसाचं थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२? थायरॉइड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, विसरभोळा होतो आणि घरचे म्हणतात, "टेन्शन घेतोय." तिसरीतला एक मुलगा 'लक्षच देत नाही' म्हणून आला होता. फळ्यावरचं उतरवताना तो दर ओळीला शेजारच्याच्या वहीत डोकावायचा. चाचणी बाजूला ठेवून आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवला. चष्मा लागला आणि लक्षही लागलं. त्यांच्याकडून मी फक्त पहिल्या भेटीची फी घेतली, याचा आईला अजून अचंबा वाटतो.

मध्येच, पण हे आधी वाचा

घरात कोणी मरणाबद्दल बोलत असेल, वस्तू वाटून टाकत असेल, निरोपाचे मेसेज पाठवत असेल, तर पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट घेऊन थांबू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. गोळ्यांचा साठा, शेतातली फवारणीची औषधं घराबाहेर काढा आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी हेल्पलाइन क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. "थेट विचारलं तर डोक्यात नसलेलं भरेल" ही भीती खोटी आहे. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यावर बहुतेकांना हायसं वाटतं. पोलिसांची भीती असेल तर एवढं ठाऊक असू द्या: २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालतो. त्याला शिक्षा करण्यापेक्षा त्याची काळजी घेण्याची जबाबदारी तो सरकारवर टाकतो.

२. कोणाकडे जायचं

आपल्याकडे सगळ्यांना एकच नाव आहे, 'डोक्याचा डॉक्टर'. प्रत्यक्षात दारं तीन.

मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एम.बी.बी.एस. करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. किंवा डी.पी.एम. केलेले डॉक्टर. औषध लिहितात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध लिहू शकत नाही. चाचण्या, निदानातली मदत आणि थेरपी हे आमचं काम. भारतीय पुनर्वास परिषद, बोलण्यात 'आरसीआय', १९९२ च्या कायद्याने आमची नोंदणी करते. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल. केलं, तेही रुग्णालयात राबून. तिसरं दार समुपदेशकाचं. इथे सावध राहा. एम.ए. करून वर्षानुवर्षं कसून काम करणारे उत्तम समुपदेशक मला माहीत आहेत, आणि चार शनिवार-रविवारच्या कोर्सवर पाटी लावणारेही. पाटी दोघांची सारखीच दिसते.

कुठे कोण चालेल? नातं तुटलंय, नोकरी बदलायचीय, परीक्षेची धास्ती आहे, अशा वेळी चांगला समुपदेशक पुरतो. बोर्डाच्या सवलती, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, कोर्टाचं काम असेल तर आरसीआय क्रमांक असलेलाच माणूस बघा आणि तो क्रमांक मागून घ्या. मागितल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच समजा. कानात आवाज येतात, दोन-दोन रात्री झोप नसून अंगात उत्साह मावत नाही, जेवण तुटलंय, असं असेल तर आधी सायकियाट्रिस्ट, मग मी.

पैशाचं उघड बोलू. पुण्या-मुंबईत खाजगी सेशन साधारण ८०० रुपयांपासून अडीच-तीन हजारांपर्यंत जातं, लहान शहरात कमी. पूर्ण चाचण्यांचा खर्च वेगळा. परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात चौकशी करा. केसपेपर काढून सायकियाट्रिस्ट भेटतो, बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिस्टही. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभागही आहेत. तिथे गेलं म्हणजे दाखलच करून घेतात, हा समज काढून टाका. दारू किंवा इतर व्यसन असेल तर पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. मानसिक आरोग्याचं काम करणारी ठाण्याची आय.पी.एच. ही संस्था १९९० पासून आहे.

फोनवर पाच गोष्टी विचारा: सेशन किती मिनिटांचं (४५ ते ६० नेहमीचं), फी किती, चाचणी कोण घेणार (स्वतः की हाताखालचे विद्यार्थी), कुठल्या भाषेत घेणार, आणि रिपोर्ट किती दिवसांत. "एकाच भेटीत सगळं सांगतो" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावा.

३. पहिली भेट

मुलाला खरं सांगून आणा. एका घराने नववीतल्या मुलीला "ड्रेस घ्यायला जाऊ" म्हणून रिक्षात बसवलं आणि माझ्या दारात उतरवलं. ती ४० मिनिटं पडद्याच्या दोरीला गाठी मारत बसली. मीही गप्प बसले. दुसरं काय करणार? एवढंच सांगा: "तुला शाळेचा त्रास होतोय, आम्हालाही काही सुधरत नाहीये, म्हणून जाणत्या माणसाशी बोलू." आमचं नाव धमकीला वापरू नका. "थांब, सायकॉलॉजिस्टकडे नेते" हे ऐकून आलेल्या मुलाबरोबर पहिले दोन तास माझे जामीन मिळवण्यातच जातात.

सोबत आणा: मागच्या तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, आधी कुठे चाचणी झाली असेल तर तो रिपोर्ट, चष्मा असेल तर चष्मा (हसू नका, महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विसरतंच) आणि मुलाच्या रफ वह्या. आया फेअर वह्या आणतात, कव्हर घातलेल्या, समास आखलेल्या. मला रफच हवी. फेअर वहीत बाई दिसतात, रफ वहीत मूल. 'स' आणि 'श' कुठे उलटे होतात, गणितात हातचा कुठे हरवतो, पान कुठल्या तारखेपासून कोरं राहायला लागलं, सगळं तिथे सापडतं.

खोलीत काय होतं? मुलगा किंवा मुलगी असेल तर आधी १०-१५ मिनिटं सगळे एकत्र, मग मूल एकटं, शेवटी आईवडील. एकत्र असताना मी मुलालाच विचारते आणि कोण उत्तर देतंय ते बघते. "कितवीला आहेस?" याचं उत्तर आईने दिलं तर मी ते कागदाच्या कोपऱ्यात टिपते. दोष म्हणून टिपत नाही, पण ते पुढे कामाला येतं.

मोठ्यांच्या पहिल्या भेटीत झोप, भूक, काम, पैसा, दारू-तंबाखू, घरात कोणाला असा त्रास होता का, हे सगळं येतं. "तुम्ही हल्ली काय करायचं सोडून दिलंत?" हा माझा आवडता प्रश्न. लक्षणं सांगायला लोक लाजतात, सोडलेल्या गोष्टी मात्र भडाभडा सांगतात. भजनी मंडळ सोडलं, दाढी रोजची सोडली, फोन उचलायचं सोडलं.

४. चाचण्या: त्या काय सांगतात आणि काय नाही

चाचणी म्हणजे रक्ततपासणी नव्हे. बाटली भरून दिली आणि संध्याकाळी आकडा आला, असं इथे होत नाही. तुमच्या प्रश्नाप्रमाणे मी तीन-चार साधनं निवडते, त्यांना दोन-तीन बैठका लागतात. मूल ताजंतवानं असताना, सकाळी, नाश्ता करून आलेलं असावं. तापात चाचणी करू नये. शाळा, ट्यूशन, क्रिकेट आटोपून संध्याकाळी ७ ला तर नकोच.

बुद्धिमापनाचा इथला इतिहास आपल्याच मातीतला आहे, तो थोडा सांगते. फ्रान्सच्या बिने यांची चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी बसवली. बिने-कामत या नावाने ती आजही सरकारी रुग्णालयांत सर्रास वापरतात. दुसरी नागपूरची. ए. जे. मालिन यांनी वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, ते १९६९ चं. आम्ही तिला 'मिसिक' म्हणतो. दोन्हींचा मला आदर आहे, पण त्यांची मोजपट्टी तेव्हाच्या मुलांवर आखलेली आहे. म्हणून नव्या, ताज्या मोजपट्टीची चाचणी वापरता येत असेल तर ती वापरते, आणि जुनी वापरली तर रिपोर्टात तसं लिहिते. तुम्हीही विचारा: "ही चाचणी कुठली आणि तिची मोजपट्टी किती सालची?"

भाषेचाही प्रश्न आहे. घरी अहिराणी, अंगणात मराठी, शाळा इंग्रजी माध्यमाची. अशा मुलाला इंग्रजीत 'शब्दांचे अर्थ' विचारले तर मी त्याची बुद्धी मोजतेय की त्याच्या शाळेची फी? अशा वेळी आकृत्यांच्या चाचण्यांना जास्त वजन द्यावं लागतं.

एक प्रसंग सांगते. आठवीतला मुलगा, शाळेचा शेरा 'आळशी'. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांतून चित्रासारखी नक्षी जुळवायची होती. नऊ ठोकळ्यांची नक्षी त्याने झपाट्याने लावली, मग एक ठोकळा अर्धा मिलिमीटर वाकडा आहे म्हणून परत सरळ केला. घड्याळ चालूच होतं. नंतर एक परिच्छेद मोठ्याने वाचायला दिला. त्याचं बोट ओळीवरून घसरलं, 'प्रयत्न'चं 'पर्यटन' झालं, कान लाल झाले आणि तो म्हणाला, "पाणी पिऊन येऊ?" चार ओळींत तीनदा पाणी. त्याचा आळस तेवढाच होता. विचार करण्याची ताकद भरपूर, अक्षराशी झुंज. यालाच अध्ययन अक्षमता म्हणतात, शाळेच्या भाषेत 'एलडी'. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिला स्थान आहे.

इथे पालक हमखास एका गोष्टीत अडकतात. माझ्यासारखीचा खाजगी रिपोर्ट बोर्डाच्या सवलतीला पुरत नाही. नेमून दिलेल्या सरकारी किंवा महापालिकेच्या केंद्राचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईत सायन आणि नायर रुग्णालय त्यासाठी ओळखले जातात. तिथे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, विशेष शिक्षक असे टप्पे असतात, खेपा घालाव्या लागतात, रांग लांब असते. जादा वेळ, लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर या सवलती मिळतात, पण दहावीच्या जानेवारीत जागं होऊन नाही. आठवीत सुरुवात करा.

मोठ्यांसाठी प्रश्नावल्या असतात. उदासीसाठी 'पीएचक्यू-९' नावाची ९ प्रश्नांची आहे: गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं, गुण ० ते २७. मोबाईलवर स्वतः भरून "मॅडम, १७ आले" असा स्क्रीनशॉट पाठवणारे खूप. चांगलंय, पाठवा. पण ते थर्मामीटर आहे. ताप आहे एवढं कळतं, मलेरिया की टायफॉइड ते नाही. शाईच्या डागांची १० कार्डं, म्हणजे १९२१ ची रोर्शाक, मी फार थोड्यांना देते. ती दिली म्हणजे मॅडमनी मन वाचलं, असं काही नसतं. चाचणी देण्याआधी इंटरनेटवर उत्तरं शोधू नका. आणि वर्षाच्या आत तीच चाचणी दुसरीकडे करायची झाली तर आधीची झालीय हे सांगा, नाहीतर सरावाने गुण फुगतात.

५. रिपोर्ट हातात आल्यावर

रिपोर्ट पोस्टाने किंवा व्हॉट्सॲपवर घेऊन प्रकरण मिटवू नका. समजावून सांगण्याचं वेगळं सेशन मागा. आकड्याचं म्हणाल तर १०० ही सरासरी, ९० ते १०९ सर्वसाधारण पट्टा. ९२ आले म्हणजे कपाळावर ९२ कोरले असं होत नाही. त्या मुलाचा खरा आकडा साधारण ८६ ते ९८ च्या मध्ये कुठेतरी, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. शेजारच्या मुलाचे ९६ आले म्हणून तो हुशार ठरत नाही.

मी रिपोर्टाचं शेवटचं पान आधी वाचायला सांगते. तिथे तुमच्या पहिल्या दोन ओळींतल्या प्रश्नाचं उत्तर असायला हवं आणि पुढे काय करायचं ते, नाव-गाव-वेळेसकट. 'पालकांनी मुलाकडे लक्ष द्यावे' हा सल्ला झाला नाही. 'रोज २० मिनिटं, विशेष शिक्षकाबरोबर, अक्षरगटांचा सराव, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी' हा सल्ला झाला. शाळेला पूर्ण रिपोर्ट देऊ नका. शाळेपुरतं एक पानी पत्र मागून घ्या. वडिलांचा व्यवसाय बुडाल्याचा उल्लेख वर्गशिक्षिकेला कशाला? आणि हो, मुलालाही त्याच्या वयाच्या भाषेत सांगायला लावा. ठोकळेवाल्या त्या मुलाला मी म्हणाले, "तुझं डोकं बुलेट आहे, वाचनाचा रस्ता मात्र खड्ड्यांचा." तो म्हणाला, "म्हणजे नाशिकचाच."

दहावीनंतर 'कल चाचणी' करायला येणाऱ्यांना एवढंच: तीतून दिशा मिळते, ॲडमिशन नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थांनी हे काम वर्षानुवर्षं केलंय. तिथल्याही रिपोर्टावर 'तू इंजिनिअर हो' असा शिक्का मिळत नाही.

६. थेरपी: मुलांशी

पहिल्याच दिवशी आईवडील आणि मूल तिघांसमोर मी गुप्ततेचे नियम सांगते. मूल मला जे सांगेल ते मी घरी सांगणार नाही. अपवाद मोजके: स्वतःच्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, कोर्टाचा आदेश आणि लैंगिक अत्याचार. १८ वर्षांखालच्या मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्याने, तो २०१२ चा, मला कळवावंच लागतं. मुलाला हे आधीच माहीत असायला हवं, नंतर नव्हे.

तरी रात्री साडेनऊला फोन येतोच. "मॅडम, आज काय म्हणाला तो?" आईचा जीव आहे, मी समजू शकते. माझं उत्तर ठरलेलं, "तुम्ही फोन केला होता हे मी त्याला सांगेन. चालेल?" दुसऱ्यांदा फोन येत नाही. तुम्हाला काय कळायला हवं? तो येतोय का, धोका आहे का, आणि घरात काय बदलायचं. बाकीचं त्याचं.

मुलांबरोबर समोरासमोर बसून "बोल" म्हटल्याने काही होत नाही. आम्ही पत्ते पिसतो, त्याच्या गेमचे नियम मी शिकते, चित्र काढतो. कोणी जिन्यात बसून बोलतं. चार-पाच भेटींत काहीच घडत नाही असं तुम्हाला वाटेल. धीर धरा, पण आठव्या भेटीला मला जाब विचारा.

मोठ्यांशी

इथे माझी बैठक विचार आणि वागणुकीवर काम करण्याची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली कि. मो. फडके यांनी. त्यामुळे माझ्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी मराठी वाचकांना थेरपीच्या खोलीत पाऊल न टाकताही 'घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचा हट्ट देतो' हे ठाऊक असतं. ठाऊक असणं आणि जमणं यात मात्र बराच रस्ता आहे.

त्या रस्त्यासाठी मी वही घ्यायला लावते. साधी, २०० पानी. एक ५२ वर्षांचे गृहस्थ होते, बँकेतले, बढती हुकल्यावर घरात बसलेले. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ: रोज सकाळी कोपऱ्यावरच्या फुलवाल्यापर्यंत जायचं, हार घेऊन यायचं, आणि निघण्याआधी व आल्यावर मनाला १० पैकी किती गुण ते वहीत. ते चिडले. "एवढे पैसे देऊन हार आणायचा?" वहीत पहिल्या दिवशी होतं '२, २'. चौथ्या दिवशी '२, ४. फुलवाल्याने चहा पाजला.' उत्साह आला की बाहेर पडू म्हणत माणूस महिनोन्‌महिने वाट बघतो. हे उलट्या बाजूने करावं लागतं, आधी पाय आणि मागून मन. विचारांची तपासणी त्यानंतर सुरू झाली. 'सगळे मला नालायक समजतात' या वाक्यासमोर त्यांनी पुरावे लिहिले. सगळे म्हणजे नावं किती? दोन. त्यातला एक बदलून नागपूरला गेलेला.

औषध चालू असेल तर थेरपी सुरू झाली म्हणून मनाने बंद करू नका. तुमचे सायकियाट्रिस्ट आणि मी एकमेकांशी बोलू शकतो, तुमची लेखी परवानगी असेल तर.

आणि अख्ख्या घराशी

हे मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात थकवतं. घरात एकच जण 'पेशंट' म्हणून नेमलेला असतो, बाकीचे 'सोडायला आलेत'. सोडायला आलेल्यांनाही खुर्ची द्यावी लागते. मी खुर्च्या भिंतीशी ठेवते आणि सांगते, आपापल्या घ्या. कॉलेजला न जाणाऱ्या त्या मुलाच्या घरचे पाच जण आले. आजोबांनी दाराजवळची घेतली. आईने आपली खुर्ची मुलाच्या खुर्चीला चिकटवली. वडील समोर, हात बांधून. नऊ वर्षांची धाकटी बहीण कुठे बसावं म्हणून मध्येच उभी.

फळ्यावर घराचा नकाशा काढतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, तीन पिढ्या. कोण कोणाशी बोलत नाही, कोण कधी गेलं, कोणाचं लग्न कोणाच्या मनाविरुद्ध झालं. मग मी 'का' सोडून 'कोणाला' विचारते. "आई चिडली की घरात सगळ्यात आधी कोणाला कळतं?" मोठे एकमेकांकडे बघत राहिले. धाकटी म्हणाली, "बाबांना. ते टीव्हीचा आवाज वाढवतात. मग दादा दार लावतो." तीन वाक्यांत तिने मला जे दिलं ते कुठल्याही प्रश्नावलीत मिळालं नसतं.

त्या घरात मुलाला कॉलेजला पाठवण्याचा विषय आम्ही तीन आठवडे काढलाच नाही. ठरलं एवढंच: आवाज वाढवायच्या ऐवजी बाबांनी उठून स्वयंपाकघरात जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणे आईने विचारलं, "काय हवंय?" त्यांनाही सुचेना, म्हणाले, "काही नाही. लसूण सोलू?" पुढे मुलाचं दार उघडं राहायला वेळ लागलाच. त्याच्या कॉलेजातल्या एकटेपणावर त्याच्याबरोबर निराळी सेशन्स झाली. पण घर हललं ते लसणापासून.

घरातला एखादा येत नसेल तर? "नवरा यायला तयार नाही" हे रोजचं. जे येतायत त्यांच्यावर सुरू करतो. मात्र मारहाण होत असलेल्या घरात मी सगळ्यांना एकत्र बसवत नाही. तिथे आधी मार खाणाऱ्याची सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

७. बदलायचं कधी, थांबायचं कधी

थेरपिस्ट स्वतःच्याच गोष्टी सांगत बसतो, तुमची जात किंवा लग्न यावर शेरे मारतो, एखादी पूजा किंवा खडा सुचवतो, खोलीबाहेरची मैत्री जोडू पाहतो, तर उठा. नुसतं जुळत नसेल तर मात्र तसं तोंडावर सांगा. आम्ही दुसरं नाव देतो, वाईट वाटून घेत नाही. म्हणजे थोडं वाटतं. तुमच्या नोंदी पाहण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. जाताना रिपोर्टाची प्रत घेऊन जा.

बरं वाटायला लागलं की लोक फोन न करता येणं बंद करतात. तसं करण्यापेक्षा अंतर वाढवत न्या: आठवड्याचं दोन आठवड्यांवर, मग महिन्यावर, मग एक शेवटचं. त्या शेवटच्या सेशनमध्ये आम्ही पहिल्या दिवशीच्या त्या दोन ओळी काढून वाचतो. पुष्कळदा प्रश्नच बदललेला असतो. मग नवा प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो, आणि त्याखाली, पुन्हा खाली घसरायला लागलं तर सुरुवातीची तीन चिन्हं कोणती तेही.

बँकेतल्या गृहस्थांचा तीन वर्षांनी फोन आला. "मॅडम, मागच्या पानावरचं पहिलं चिन्ह दिसायला लागलंय. दाढी." अपॉइंटमेंट गुरुवारची दिली आणि तोवर हार आणायला सांगितला.